वेलिंग्टनच्या डोंगराखाली एक विमान

ऑकलंडमध्ये आम्ही जिथे राहतो त्या उपनगराचं नाव माउंट वेलिंग्टन. भारतातून फोन आला की हटकून प्रश्न येतो, "म्हणजे राजधानीत का?" नाही हो. राजधानीचं वेलिंग्टन इथून सहाशेच्या वर किलोमीटर दक्षिणेला आहे. आमचं वेलिंग्टन म्हणजे साधारण १३५ मीटर उंचीची, माथ्यावर खोलगट वाटी असलेली एक हिरवी टेकडी आणि तिच्या पायथ्याशी पसरलेली घरं, गोदामं, टायरची दुकानं आणि गॅरेजं. नाव मात्र दोन्हींना एकाच माणसावरून मिळालं आहे. हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. वॉटर्लू नंतरचं. जगात कुठेही जा, मराठी माणसाचा जुना हिशेब कुठल्यातरी पाटीवर लिहिलेला सापडतोच! टेकडीचं खरं नाव माउंगारेई. माओरी लोकांनी तिच्या उतारावर पायऱ्या खोदून वस्ती केली होती, कुमारा म्हणजे रताळी साठवायचे खड्डे अजून दिसतात. आम्ही घरात माउंगारेईच म्हणतो. असईचा तेवढाच सूड.

सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी ही टेकडी पेटली आणि तिचा लाव्हा चहूकडे वाहिला. तो थिजलेला काळा दगड पुढे वर्षानुवर्षं खाणीतून काढून शहराच्या रस्त्यांखाली गेला. आता त्या खाणीच्या खड्ड्यात स्टोनफील्ड्स नावाची नवी कोरी वसाहत उभी आहे. माथ्यावर हल्ली गाडी नेता येत नाही, पायी जावं लागतं, आणि ते बरंच आहे. वरून आग्नेयेला पॅनम्युअर बेसिनचं गोल पाणी, उत्तरेला समुद्रातला रांगितोतो, दक्षिणेला सिल्व्हिया पार्कचा अवाढव्य मॉल. मॉलच्या जागी एकेकाळी घोड्यांचा तबेला होता. १८९० सालचा मेलबर्न कप जिंकणारा कार्बाइन घोडा तिथेच जन्मला. कार्बाइन रोड हे नाव त्याचंच. घोडा धावला, नाव मिळालं रस्त्याला, आणि आता त्या रस्त्यावर ट्रक धावतात.

पण आज सांगायचं आहे ते विमानाबद्दल.

चार वर्षांपूर्वी आम्ही नव्या घरात आलो. आम्ही म्हणजे अर्थात दोघं: एक इंजिनिअर, पुण्याहून बी. ई. आणि मग अमेरिकेत मास्टर्स केलेला, दुसरी हिशेबनीस. पहिल्याच शनिवारी सकाळी शेजारच्या गॅरेजमधून असा काही आवाज आला की कपाटातल्या बरण्या थरथरल्या. इंजिनाचा ओळखीचा घरघराट नव्हे, तर तोफखाना आणि शिलाई मशीन यांचं मिश्रण. कुंपणावरून डोकावलो. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ कानांवर मफ लावून एका लोखंडी घोडीवर बसवलेल्या इंजिनाकडे कौतुकाने बघत होते, जसं आपल्याकडे आजोबा तबला वाजवणाऱ्या नातवाकडे बघतात. आम्हाला पाहून त्यांनी इंजिन बंद केलं, माफी मागितली आणि चहाला बोलावलं. इथल्या रीतीप्रमाणे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायची असते. आमची जीभ अजून अडखळते, म्हणून घरात आम्ही त्यांना आबा म्हणतो. इथेही आबाच म्हणू.

आबा आयुष्यभर फिटर. घराच्या गॅरेजमध्ये अकरा वर्षं खपून त्यांनी दोन आसनांचं, खाली पंख असलेलं अॅल्युमिनियमचं विमान बांधलं होतं. न्यूझीलंडमध्ये असं करता येतं. अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलं असेल तर तपासण्या होऊन त्या विमानाला वेगळ्या वर्गात उडण्याचा परवाना मिळू शकतो. इंजिन मात्र त्यांनी विमानाचं न घेता एका मोडीत निघालेल्या माझदा आरएक्स-७ मोटारीतलं उचललं होतं. १३बी, रोटरी.

हे रोटरी प्रकरण थोडं सांगायला हवं. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन १९५७ साली चाललं. माझदाने त्याचे हक्क घेऊन १९६७ साली ते कॉस्मो मोटारीत घातलं. यात वर-खाली धावणारा दट्ट्या नाही, झडपा नाहीत. फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर लंबगोल खोलीत भेलकांडत फिरतो, आणि तो एकदा फिरेपर्यंत मधला दांडा तीनदा फिरतो. १३बीमध्ये असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ घनसेंटीमीटरचे. फिरणारे भाग मोजकेच, त्यामुळे मोडण्यासारखं कमी. दट्ट्याच्या इंजिनाचा एखादा भाग तुटला तर ते जागच्या जागी थांबू शकतं. रोटरी आजारी पडलं तरी बहुधा कुरकुरत, कमी ताकदीने का होईना, चालत राहतं. विमानात हा गुण सोन्याच्या मोलाचा. (पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांनाही रोटरी म्हणत, पण ती वेगळी. त्यांत सगळी सिलिंडरंच पंख्याबरोबर गरगर फिरत आणि वारा लागून थंड होत.)

मग सगळेच हौशी लोक हे इंजिन का बसवत नाहीत? कारण ते दोन बाबतींत चैनी आहे. पेट्रोल जास्त पितं आणि फार तापतं. ढोबळ मानाने पेट्रोलातल्या उष्णतेचा चौथा हिस्सा पंख्यापर्यंत पोचतो. बाकीची धुरातून, पाण्यातून आणि तेलातून बाहेर काढावी लागते. रोटर आतून तेलानेच थंड होतात, म्हणून थंड करण्याच्या कामात तेलाचा वाटा एकतृतीयांशाच्या आसपास असतो. मोटारीच्या सवयीने लोक पाण्याच्या काट्याकडे बघत बसतात आणि घात तेल करतं. शिवाय या इंजिनात अॅल्युमिनियम आणि बिडाच्या चकत्या सँडविचसारख्या एकावर एक ठेवून लांब बोल्टांनी आवळलेल्या असतात. जास्त तापलं की दोन धातू वेगवेगळे फुगतात, मधली रबरी सीलं जातात आणि पाणी आत शिरतं.

आमच्यातल्या इंजिनिअराचा मास्टर्सचा प्रबंध नेमका हीट एक्स्चेंजरवर होता. हे चहाच्या दुसऱ्या कपाला आबांना कळलं आणि आमचे पुढचे दोन उन्हाळे ठरून गेले.

विमान पंख काढून, ट्रेलरवर लादून आर्डमोरला नेलं. आर्डमोर म्हणजे आमच्याकडून दक्षिणेला मोटरवेने अर्ध्या तासावरचा, १९४३ साली युद्धासाठी बांधलेला विमानतळ. १९५४ ते १९६२ या काळात न्यूझीलंडची ग्रां प्री मोटारशर्यतही तिथेच होत असे. जवळच पापाकुराच्या बाजूला १९११ च्या फेब्रुवारीत वॉल्श बंधूंचं 'मानुरेवा' विमान उडालं होतं. तेही इंग्लंडहून आणलेल्या सुट्या भागांतून इथेच जोडलेलं. म्हणजे जागेला घरगुती विमानांची सवय जुनी.

आमच्याकडे काम आलं पाणक्याचं, फक्त पाण्याऐवजी पेट्रोल वाहण्याचं. विमानतळावर मिळणाऱ्या विमानी पेट्रोलमध्ये शिसं असतं. ते या इंजिनाच्या प्लगांवर आणि धुराच्या नळीतल्या ऑक्सिजन सेन्सरवर थर धरतं, आणि महागही पडतं. रोटरीला साधं ९१ नंबरचं पेट्रोल पुरतं. म्हणून दर शनिवारी वीस-वीस लिटरचे चार लाल डबे भरून न्यायचे. ऐंशी लिटर, म्हणजे साधारण साठ किलो. डबा गाडीत ठेवून भरायचा नाही, खाली जमिनीवर ठेवायचा, आणि नळीचं तोंड डब्याच्या कडेला टेकवून ठेवायचं, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पुरते. विमानात ओतण्याआधी तारेने डबा, नरसाळं आणि विमान एकमेकांना जोडायचं. ओतताना गाळायचं. ओतून झालं की टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत नमुना काढून उजेडात धरायचा. खाली पाण्याचा थेंब दिसला तर पुन्हा काढायचा. लहानपणी रेशनच्या रांगेत पत्र्याचा डबा घेऊन उभं राहून रॉकेल आणणारे आम्ही. तेव्हा आई फडक्यातून गाळून स्टोव्हमध्ये ओतायची. फडक्याच्या जागी आता जाळीचं नरसाळं आलं एवढंच.

हे पेट्रोल मुळात कसं येतं तेही इथे राहून कळलं. उत्तरेच्या मार्सडन पॉइंटपासून ऑकलंडच्या विरीपर्यंत १७० किलोमीटरची एकच नळी जमिनीखालून येते. पेट्रोल, डिझेल, विमानांचं इंधन, सगळं एकामागून एक त्याच नळीतून. सप्टेंबर २०१७ मध्ये ती फुटली. दलदलीत गाडलेली कौरीची जुनी खोडं शोधणाऱ्या एका यंत्राने तिला आधीच ओरखडा काढून ठेवला होता म्हणतात. विमानांना इंधन मोजून मिळू लागलं, उड्डाणं रद्द झाली, आणि भारतातून निघालेले आमचे आईबाबा सिंगापूरला अडकले. मार्सडन पॉइंटची रिफायनरी २०२२ साली बंद झाली. आता तिथे तयार इंधन जहाजाने येतं, पण नळी तीच.

असो. इंजिन विमानात बसलं, विमान जमिनीला दोरांनी बांधलं आणि चाचण्या सुरू झाल्या. पाच मिनिटांत पाणी ११२ अंशांवर. आबांनी मोटारीच्या वातानुकूलन यंत्रातले दोन गाभे पंख्यामागे दोन गालांत रेडिएटर म्हणून बसवले होते. अनेक हौशी लोक असंच करतात. आम्ही बघितलं, मान डोलावली आणि छातीठोकपणे सांगितलं, "हवा कमी पडते आहे, पुढची तोंडं मोठी करा." आबांनी विश्वासाने तीन आठवडे घालून पुढचं फायबरचं आवरण कापलं, नवं बनवलं. पुन्हा चाचणी. ११६.

त्या रात्री आम्ही दोघंही फारसं बोललो नाही. सकाळी हिशेबनिसांनी विचारलं, "हवा आत किती येते हे तुम्ही मोजलं होतं का?" मोजलं नव्हतं. प्रबंध मिरवणाऱ्या माणसाने अंदाजाने एका म्हाताऱ्याचे तीन आठवडे खाल्ले होते.

मग मोजायला काय लागतं? पारदर्शक नळी, इंग्रजी यू आकारात वाकवून फळीवर ठोकलेली, आणि तिच्यात रंगीत पाणी. रंग म्हणून देवघरातलं कुंकू घेतलं. (ते विरघळत नाही, खाली बसतं. शेवटी खाण्याचा लाल रंग वापरावा लागला, पण पहिला मान कुंकवाचा.) नळीचं एक टोक रेडिएटरच्या पुढे, एक मागे. पंखा फिरला की दोन बाजूंच्या दाबातला फरक पाण्याच्या उंचीत दिसतो. पुढे दाब भरपूर होता, जवळजवळ चार सेंटीमीटर. पण मागेही साडेतीन! हवा आत यायला उत्सुक होती, तिला बाहेर पडायला वाटच नव्हती. पुढचा दरवाजा कितीही रुंद केला तरी मागचं दार बंद असेल तर गर्दी हलणार कशी? दादर स्टेशनच्या पुलावर हे आम्हाला कधीच कळलं होतं. पुस्तकात वाचलेलं मात्र आठवलं नाही. शिवाय आवरण आणि गाभा यांच्यामधल्या फटीतून बरीचशी हवा रेडिएटरला न शिवता निसटत होती.

फटी सिलिकॉनने बुजवल्या. खालचं बाहेर पडायचं तोंड मोठं केलं आणि त्याच्या पुढच्या कडेला एक छोटी पट्टी खाली वाकवून लावली, म्हणजे वारा तिच्यावरून जाताना मागे दाब कमी होऊन आतली हवा ओढली जाते. पुढची तोंडं पुन्हा लहान केली, आणि तिथून गाभ्यापर्यंतची वाट सनईसारखी हळूहळू रुंदावत नेली. हवा अशी सावकाश पसरली तरच तिचा वेग दाबात बदलतो. एकदम रुंद केली तर कडांना भोवरे होतात. पाणी ९४ वर स्थिरावलं. तेल मात्र अजून ११५. त्याचा कूलर पाण्याच्या रेडिएटरच्या मागे, म्हणजे तापलेल्या हवेत बसला होता. सगळा भर पाण्यावर, तेलाला उरलंसुरलं. त्याला स्वतःची वेगळी हवा दिल्यावर काटा शंभराच्या आत आला. आबा म्हणाले, "शाब्बास." म्हणजे त्यांच्या भाषेत, "नॉट बॅड."

या सगळ्यात घाई का होती ते आम्हाला उशिरा समजलं. आबांच्या हृदयाचं काहीतरी निघालं होतं, आणि वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र त्यांना पुन्हा मिळणार नव्हतं. पहिलं उड्डाण त्यांचा एक अनुभवी मित्र करणार होता. नव्या विमानाचे चाचणीचे ठरावीक तास पुरे होईपर्यंत सोबत प्रवासी नेता येत नाही. ते तास संपले की मगच आबा बाजूच्या आसनावर. तोवर तब्येत साथ देईल का, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नसे.

फेब्रुवारीतला एक शनिवार. पुढच्या आठवड्यात पहिलं उड्डाण ठरलेलं. शेवटची चाचणी म्हणून वैमानिक मित्राने इंजिन तापवलं, दहा मिनिटं बंद ठेवलं, पुन्हा सुरू केलं आणि धावपट्टीच्या टोकाशी पूर्ण ताकद लावली. ऊन मी म्हणत होतं. दोन सेकंद गेले, आणि तो तोफखान्याचा आवाज अडखळला, खोकला आणि थांबला. एकदम शांतता. इंधनाच्या दाबाचा काटा शून्यावर लोळत होता. विमान जमिनीवर होतं, आठवड्याने ते साठ मीटर उंचीवर असतं आणि खाली लोकांची घरं.

हँगरमध्ये परत आल्यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. टाकीत पेट्रोल होतं, पंप चालत होते. मग हात लावून पाहिलं तर पंप चटका बसण्याइतके तापलेले. ते इंजिनाच्या खोलीत, धुराच्या नळीपासून हातभर अंतरावर होते. पंखातल्या टाक्या खाली, पंप वर. वर ओढताना नळीतला दाब कमी होतो, त्यात ही उष्णता. पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ झाली होती, आणि द्रवासाठी बनवलेल्या पंपाला वाफ ढकलता येत नाही. जुन्या फियाट घाटात थांबायच्या आणि लोक पंपावर ओलं फडकं ठेवायचे, तोच हा रोग.

पण आधीच्या गरम दिवशी हे झालं नव्हतं. आज का? हिशेबनीस गाडीत जाऊन पावत्यांचं पाकीट घेऊन आल्या. आज ओतलेले दोन डबे मागच्या रांगेतले होते. ते ऑगस्टमध्ये, सुपरमार्केटच्या पावतीवर लिटरमागे सूट होती म्हणून आम्ही भरून ठेवले होते. ऑगस्ट म्हणजे इथला भर हिवाळा. थंडीत गाड्या सहज सुरू व्हाव्यात म्हणून हिवाळ्याचं पेट्रोल मुद्दाम लवकर वाफ होणारं बनवतात. बंद डब्यात ते तसंच राहिलं, आणि आम्ही ते फेब्रुवारीच्या उन्हात विमानात ओतलं. चार-सहा डॉलर वाचवायला.

आबांना सांगितलं. ते बराच वेळ डब्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "पंप चुकीच्या जागी मी बसवले, मेट. तुमच्या पेट्रोलने ते दाखवलं." आम्हाला त्याने फारसं बरं वाटलं नाही. पंप तिथे होते हे आम्हीही सहा महिने बघत होतो.

उड्डाण पुढे गेलं. पंप खाली पंखाच्या मुळाशी, टाकीलगत आणि थंड जागेत गेले. म्हणजे आता ते ओढण्याऐवजी ढकलतात. जास्तीचं पेट्रोल परत टाकीत जाणारी नळी आली, धुराच्या नळीवर पत्र्याची ढाल आली. या कामाला सात आठवडे लागले, आणि प्रत्येक आठवडा आबांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

त्या दिवसांत एका रविवारी त्यांना घेऊन आम्ही मोटॅट संग्रहालयात गेलो. तिथे रिचर्ड पिअर्सचं शेवटचं विमान आहे. दक्षिण बेटावरच्या वाइतोहीचा हा शेतकरी. १९०३ साली तो कुंपणाच्या झुडपापर्यंत उडाला असं पुष्कळ लोक मानतात. स्वतः त्याने राइट बंधूंच्या आधी उडाल्याचा दावा केला नाही. इंजिनसुद्धा त्याने स्वतःच बनवलं होतं. आम्ही आबांना आमच्या शिवकर बापूजी तळपद्यांबद्दल सांगितलं. १८९५ मधल्या चौपाटीवरच्या त्या उड्डाणाला भरवशाचा पुरावा नाही, हेही सांगितलं. पण कॅप्टन अमोल यादवांची गोष्ट ऐकून ते जागच्या जागी थबकले. कांदिवलीच्या चारकोपला, राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान! २०१६ साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, २०१७ साली नोंदणी मिळाली, पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. आबांनी एकच प्रश्न विचारला, "गच्चीवरून खाली कसं आणलं?" गॅरेजच्या दारातून पंख बाहेर काढताना ज्याने बोटं चेचून घेतली आहेत, त्यालाच हा प्रश्न सुचतो.

एप्रिलच्या एका थंड सकाळी ते उडालं. बारा मिनिटं. आर्डमोरच्या वर गोल चकरा, आणि वैमानिकाने उतरल्यावर कागदावर लिहिलेले आकडे: चढताना पाणी ९६, तेल ९९, दाब स्थिर. आबा आकडे वाचत होते, आम्ही आबांना. त्यानंतर पाऊस, वारा, एक गळका सांधा, पुन्हा पाऊस. तास हळूहळू जमत गेले. पेट्रोल आम्हीच वाहिलं, त्याच आठवड्यात घेतलेलं, डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवून.

आबा बसले ते नोव्हेंबरात. वरून हुनुआच्या टेकड्या, क्लिव्हडनची शेतं आणि समुद्र असा फेरफटका, पस्तीस मिनिटांचा. आम्ही त्या दिवशी आर्डमोरला गेलो नाही. त्यांचा मुलगा, सुना, नातवंडं आली होती, तिथे त्यांचीच गर्दी बरी. आम्ही थर्मास घेऊन माउंगारेईवर चढलो आणि दक्षिणेकडे बघत बसलो. इतक्या लांबून काही दिसणार नव्हतं. एकदा काहीतरी चमकलं, ते विमानतळावर उतरणारं मोठं जेट निघालं.

संध्याकाळी आबा कुंपणापाशी आले. हातात चारही लाल डबे, आतून धुऊन वाळवलेले. पुढचं पेट्रोल मुलगा आणणार म्हणाले. आम्ही विचारलं, "कसं होतं?" त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "तेल ९७." दोन डबे आम्ही ठेवून घेतले, गवत कापायच्या यंत्रासाठी.